उपनगराचे मौन

मराठी साहित्यात मुंबईची चाळ जितकी ऐकू येते, तितके उपनगर ऐकू येत नाही. ‘बटाट्याची चाळ’ लिहिणारे पु. ल. देशपांडे शाळकरी वयात वाढले ते पार्ल्यात; पण घरोघरी पोचली ती चाळच. चाळीतले भांडण भिंत ओलांडून आपण होऊन लेखकाकडे येते. बंद दारामागचे मौन ऐकायला मात्र त्यालाच दारापर्यंत जावे लागते.

आम्ही पार्ले पूर्वेच्या एका गल्लीत राहतो. दुपारी डोक्यावरून विमान गेले, की मागची शांतता अधिकच जाणवते. बिस्किटांच्या कारखान्याचा खरपूस वास पूर्वी स्टेशनापर्यंत येई. २०१६ साली कारखाना बंद पडला आणि न ठरवता आम्हां सर्वांचे सामाईक असलेले असे काही उरले नाही. शेजारच्या आजी गेल्याचे आम्हांला तिसऱ्या दिवशी कळले. ‘कोणी कोणाच्या अध्यात नाही’ या गोष्टीला आम्ही आजवर सभ्यता म्हणत आलो.

आता जुन्या दुमजली इमारती पुनर्विकासासाठी पाडल्या जात आहेत. येथील शांतता निर्दोष नव्हती, हे सांगणारी कथा आत्ताच लिहिली गेली पाहिजे. एरवी मागे राहतील ती केवळ गोड स्मरणरंजने.