पाहुण्यांचं वायफाय देवडीवरच अडलं तर?

तंजावरच्या राजवाड्यात शिरलं की मराठी माणसाचं पाऊल रेंगाळतंच. व्यंकोजीराजे भोसल्यांच्या घराण्यानं इथं सुमारे पावणेदोनशे वर्षं राज्य केलं. १७९८ ते १८३२ या काळात गादीवर असलेल्या दुसऱ्या सरफोजीराजांनी वाढवलेलं सरस्वती महाल ग्रंथालय याच परिसरात आहे. १९१८ मध्ये ते सर्वांसाठी खुलं झालं. तिथल्या मराठी हस्तलिखितांबद्दल आणि मोडी कागदांबद्दल चार ओळी वाचाव्यात म्हणून प्रवासी फोन काढतो. पण जुन्या वास्तूंच्या जाड भिंतींत मोबाइलची रेंज बरेचदा रुसते.

समजा, अशा ठिकाणी पाहुण्यांसाठी वायफाय ठेवलं आहे. फोनवर त्याचं नाव दिसतं, जोडणी झाल्याचंही दिसतं, पण पान काही उघडत नाही. रेल्वे स्टेशनवर, विमानतळावर, हॉटेलातही हा अनुभव येतो. वाचकहो, बिघाड बहुधा मोठा नसतो. गाठ कुठं बसली आहे ते कळलं की ती सुटते.

देवडीवर काय चालतं?

वाड्याच्या देवडीवर पहारेकरी नाव-गाव विचारून मगच आत सोडत असे. वायफायच्या या देवडीला ‘कॅप्टिव्ह पोर्टल’ म्हणतात. फोन जोडला गेला की तो इंटरनेटवरच्या एका ठरावीक पत्त्यावर गुपचूप हाक मारतो. ठरलेलं उत्तर आलं तर रस्ता मोकळा. देवडी मात्र ती हाक मधेच अडवते आणि स्वतःचं पान पुढं करते. उत्तर वेगळं आलं म्हणजे आधी नाव नोंदवायचं आहे, हे फोन ओळखतो आणि ते पान तुमच्यासमोर आणतो.

ही युक्ती साध्या ‘एचटीटीपी’ पत्त्यावरच चालते. आजची बहुतेक संकेतस्थळं कुलूपबंद ‘एचटीटीपीएस’ वापरतात. तिथं देवडीनं मधे तोंड घातलं की फोनला बोलणारा भलताच वाटतो आणि तो धोक्याची सूचना देतो. त्याचं बरोबरच असतं! अशा सूचनेवर ‘तरीही पुढे जा’ कधी दाबू नका, बँकेच्या पानावर तर नाहीच नाही.

ही नोंदणी हवी कशाला?

जुलै २००८ मध्ये अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांच्या वेळचा धमकीचा ईमेल नवी मुंबईतल्या एका घराच्या उघड्या वायफायवरून गेल्याचं तपासात दिसलं. घरातल्या माणसाचा त्यात हात नव्हता, पण चौकशीचा ससेमिरा त्याच्यामागं लागलाच. २००९ मध्ये दूरसंचार विभागानं सार्वजनिक वायफाय वापरणाऱ्याची ओळख नोंदवावी असा दंडक घातला. मोबाइलवर ओटीपी मागण्याची पद्धत त्यानंतर रुळली.

पाहुण्यानं काय करावं?

मोबाइल डेटा थोडा वेळ बंद करा. तो चालू असला की इंटरनेट नसलेलं वायफाय सोडून फोन त्याच्याकडे वळतो. ‘व्हीपीएन’ आणि ‘प्रायव्हेट डीएनएस’ चालू असतील तर तेही तेवढ्यापुरते बंद ठेवा. ही भुयारी वाट देवडीला टाळून जाऊ पाहते आणि तिथंच अडकते. मग वायफायचं नाव फोनमधून ‘फरगेट’ करून नव्यानं जोडा. तरीही पान आलं नाही तर ब्राउझरमध्ये ‘नेव्हरएसएसएल डॉट कॉम’ हा साधा पत्ता टाका. देवडीला पान दाखवायची संधी मिळते.

वायफायचं नाव तिथल्या कर्मचाऱ्यांना विचारूनच जोडा. मिळत्याजुळत्या नावाचं जाळं कुणीही पसरू शकतं. मोबाइल नंबर आणि त्या वायफायचा ओटीपी यापलीकडे कार्डाचा नंबर, पिन किंवा ईमेलचा पासवर्ड कुणी मागत असेल तर सरळ बाहेर पडा.

सांभाळणाऱ्यानं कुठं पाहावं?

तपासणी पहिल्या पायरीपासून करावी. फोनला पत्ता मिळाला का? तो १६९.२५४ ने सुरू होत असेल तर मिळालेला नाही. छोट्या राउटरच्या जाळ्यात साधारण अडीचशे पत्ते असतात. सकाळी शाळेच्या सहलीच्या चार बस येऊन गेल्या आणि पत्ते दिवसभरासाठी वाटलेले असले, तर दुपारच्या पाहुण्याला उरत नाही. पत्त्याची मुदत अर्ध्या-एक तासावर आणा.

पत्ता आहे? मग जागेवरचा सर्व्हर त्याच्या आकड्यांच्या पत्त्यानं उघडून पाहा. आकड्यांनी उघडतो पण नावानं नाही, म्हणजे दोष नाव शोधून देणाऱ्या ‘डीएनएस’मध्ये आहे. नोंदणीच्या आधीही त्याला वाट मोकळी हवी. सर्व्हरचा पत्ता कायमचा नेमून द्या.

वीज जाऊन आल्यावरच रड सुरू झाली असेल तर घड्याळ पाहा. रास्पबेरी पायसारख्या तळहाताएवढ्या संगणकाच्या अनेक मॉडेलांत बॅटरीवर चालणारं घड्याळ नसतं. तारीख मागं पडली की सुरक्षिततेचे दाखले जुळत नाहीत आणि ओटीपी देणाऱ्या सेवेशी बोलणंच होत नाही.

ओटीपीच्या अलीकडे

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मात्र पुढंच आहे. परदेशी सिमवाल्या पाहुण्याला ओटीपी पोचेलच असं नाही. रेंज नसेल तर आपल्यालाही नाही. आणि सर्व्हर जागेवरच असेल तर त्यावरची पानं वाचायला इंटरनेट लागतच नाही! म्हणून इंटरनेटचं दार ओटीपीनंतर उघडावं, पण वास्तूची माहिती ओटीपीच्या अलीकडेच ठेवावी: नकाशा, स्वच्छतागृह, मदतीचा नंबर आणि तमिळ, इंग्रजी, मराठीत थोडा इतिहास. जवळच्या बृहदीश्वर मंदिरात १८०३ मध्ये कोरलेला भोसले घराण्याचा लांबलचक मराठी शिलालेख आहे. एवढी एक ओळ त्या पानावर असली, तरी कितीतरी मराठी पावलं आपसूक तिकडं वळतील.

गावातल्या वाचनालयात, देवस्थानात किंवा संग्रहालयात तुम्ही असं वायफाय बसवणार असाल, तर आपला फोन विमान मोडवर टाका, फक्त वायफाय चालू करा आणि आधी हे पान उघडतं का ते पाहा. ते उघडलं की निम्मं काम झालं.