पट्टी बदलू नका, सरळ करा

‘रिस्टोरेशन’ हा शब्द आपण फार स्वस्त करून टाकलाय. तीस सेकंदांच्या रीलमध्ये धुळीने माखलेली पद्मिनी येते, मागे जुनं गाणं वाजतं आणि गाडी आरशासारखी चमकत बाहेर पडते. तिच्या मूळ पट्ट्यांचं काय झालं, हे कुणी विचारत नाही. बहुतेक वेळा त्या भंगारात गेलेल्या असतात आणि त्यांच्या जागी बाजारातली नक्कल बसलेली असते. याला दुरुस्ती म्हणू नका.

आमच्या घरी पद्मिनी आहे. तिच्या बाजूच्या पट्टीला पोचा आला, तेव्हा जिथे विचारलं तिथे एकच उत्तर मिळालं : “बदलून टाका साहेब, कशाला डोकं लावता?”

डोकं लावायलाच हवं. जुन्या गाडीवर चमकतं ते सगळं क्रोम नसतं. काही पट्ट्या स्टेनलेस स्टीलच्या असतात, काही ॲल्युमिनियमच्या. बंपर मात्र मुलामा दिलेल्या लोखंडाचा. आधी धातू ओळखा, मग हातोडी उचला. स्टेनलेसची पट्टी उलटी करून लाकडावर ठेवायची आणि छोट्या हातोडीने मागून हळूहळू ठोकायची. घाई केली तर धातू ताणतो आणि पोच्याच्या जागी फुगवटा येतो. मग बारीक कानस, दोनशेवीसपासून चढत जाणारे पॉलिश पेपर आणि शेवटी बफिंग. गाडीवर बसवताना गंजलेल्या क्लिपा नव्या घ्यायच्या आणि भोकांशी सीलंट लावायचं, नाहीतर पाणी शिरून आतला पत्रा सडतो.

मुलाम्याचं गणित वेगळं. तांबं, निकेल आणि वर मायक्रॉनहूनही पातळ क्रोम. वाकलेला भाग तसाच ठोकला तर मुलामा तडकतो. तिथे मुलामा उतरवून, भाग सरळ करून पुन्हा चढवावा लागतो. पण केवळ थोडी चमक कमी झाली म्हणून सगळी गाडी क्रोमच्या टाकीत बुडवणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं : पारंपरिक प्लेटिंगमधलं हेक्झाव्हॅलंट क्रोमियम कर्करोग करतं. आपल्या फोटोतल्या चमकेसाठी ती वाफ दुसऱ्याच्या फुप्फुसात जाते.

“मजुरीपेक्षा नवी पट्टी स्वस्त पडते,” असं म्हणाल. पडते, खरं आहे. पट्टी तुटली असेल किंवा गंजून आरपार भोकं पडली असतील, तर खुशाल बदला. पण कुर्ल्याचा कारखाना पद्मिनी बनवत नाही, याला दोन दशकं उलटली. २०२३च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईच्या रस्त्यावरून तिची टॅक्सीही गेली. फेकलेली प्रत्येक मूळ पट्टी कायमची गेली. शिवाय इतक्या वर्षांत गाडीचा पत्राही कारखान्यातल्यासारखा उरलेला नसतो. जुनी पट्टी त्याच्या वळणाला सरावलेली असते. नवी कुठेतरी उचलून राहते.

मी सॉफ्टवेअरवाला. आमच्याकडेही जुना कोड दिसला की वाचण्याआधीच “नव्याने लिहू” म्हणतात. समजून घेण्याचा कंटाळा आला की माणूस त्याला प्रगती म्हणतो.

पोचा काढणारा कारागीर आपण मजुरी दिली तरच टिकेल. पट्टीवर हातोडीची एखादी खूण राहिली तर राहू द्या. गाडी चाळीस वर्षं रस्त्यावर होती, शोकेसमध्ये नव्हती.