चोर सोडून संन्याशाला फाशी

लेखकाच्या व कलावंताच्या श्रमाचे मोल त्यास मिळाले पाहिजे, या तत्त्वाविषयी सुसंस्कृत समाजात दुमत असण्याचे कारण नाही. १८८६ च्या बर्न करारापासून आपल्या १९५७ च्या कायद्यापर्यंत स्वामित्वहक्काची जी इमारत उभी राहिली, तिचा पाया हाच आहे. परंतु तिच्या रक्षणार्थ नेमलेले पहारेकरी आता इंटरनेटच्या हमरस्त्यावर निरुपद्रवी वाटसरूंनाच अडवू लागले आहेत.

इटलीचे उदाहरण पाहावे. फुटबॉल सामन्यांचे चोरटे प्रक्षेपण रोखण्यासाठी त्या देशाने २०२३ साली कायदा केला. हक्कधारकाने एखादा पत्ता कळविला की इंटरनेट पुरविणाऱ्या कंपन्यांनी तो अर्ध्या तासात बंद करावा, अशी ही योजना! बंदीपूर्वी न्यायाधीशाने पाहणे नाही, की दुसऱ्या पक्षाची सुनावणी नाही. परिणामी १९ ऑक्टोबर २०२४ रोजी या यंत्रणेने चोरांच्या अड्ड्याऐवजी गुगल ड्राइव्हचाच एक पत्ता बंद केला आणि फुटबॉलशी ज्यांचा काडीचाही संबंध नव्हता, अशा नागरिकांस स्वतःचीच कागदपत्रे कित्येक तास मिळेनाशी झाली.

आपण इटलीस हसावे अशी आपली स्थिती नाही. हिंदी चित्रपटांच्या चोरट्या प्रती रोखण्यासाठी मद्रास उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये दिलेल्या आदेशांपायी अडीच हजारांहून अधिक संकेतस्थळे बंद झाली. त्यांत ‘इंटरनेट आर्काइव्ह’ हे जगद्विख्यात ग्रंथभांडारही सापडले. बाजारात दुर्मिळ झालेली जुनी मराठी पुस्तके अभ्यासकास जेथे विनामूल्य वाचावयास मिळतात, ते हे ठिकाण. त्याचा अपराध काय, हे बंदीपूर्वी त्यास कोणी विचारलेही नाही.

हे केवळ कारकुनी प्रमाद आहेत असे मानणे भोळेपणाचे ठरेल. अमेरिका, जपान आदी राष्ट्रांनी २००८ पासून ‘ॲक्टा’ नामक कराराच्या वाटाघाटी चालविल्या, त्या बंद दाराआड. मसुदा अधिकृतपणे जनतेसमोर आला तो २०१० च्या एप्रिलमध्ये. भारतास त्यात स्थान नव्हते. मात्र त्यातून निघणाऱ्या दंडकांचा भार पुढे सर्वांवर पडणार, हे दिसत होते. पोलंडमध्ये तरुण रस्त्यावर उतरले आणि ४ जुलै २०१२ रोजी युरोपीय संसदेने ३९ विरुद्ध ४७८ मतांनी तो करार फेटाळला. करार बारगळला, पण त्यामागील वृत्ती मात्र जिवंत राहिली. २०२३ साली युनिव्हर्सल इत्यादी अमेरिकन चित्रसंस्थांच्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाने जो आदेश दिला, त्याचे संरक्षण अद्याप निर्माण न झालेल्या कलाकृतींनाही लागू होते!

चित्रपटाची कमाई पहिल्या काही दिवसांतच होते, न्यायालयाची तारीख पडेपर्यंत चोर लुटून मोकळा होतो, असा निर्मात्यांचा युक्तिवाद आहे. तो खोटा नाही. तातडीच्या मनाईस आमचा विरोध नाही. विरोध आहे तो आंधळ्या मनाईस. तातडी आणि विवेक यांची सांगड घालता येते, हे मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ साली ‘डिशूम’ चित्रपटाच्या प्रकरणी दाखवून दिले. संपूर्ण संकेतस्थळे सरसकट बंद करण्यास नकार देऊन न्यायालयाने प्रत्येक दुव्याची पडताळणी मागितली. पुराव्यानिशी यादी आल्यावरच मनाई दिली, आणि बंद केलेल्या पानावर कारण व दाद मागण्याची सोय नमूद करण्यास सांगितले.

हाच दंडक देशभर कायद्याने लागू व्हावा. बंदी विशिष्ट मजकुरापुरती असावी. तिचे कारण व मुदत जाहीर असावी. बाधितास त्वरित दाद मागता यावी. आणि खोटी वा निष्काळजी तक्रार करणाऱ्यास भरपाई द्यावी लागावी. या शर्ती प्रामाणिक निर्मात्यास जाचक नाहीत. परराष्ट्रांशी व्यापारी करार करताना सरकारने याहून अधिक काही मान्य केले, तर ते आधी संसदेपुढे मांडले पाहिजे. आपल्या वाचनालयाचे दार कोणी व का लावले, हे विचारण्याचा वाचकाचा हक्क लेखकाच्या हक्काहून कमी मोलाचा नाही.