पाच आठवड्यांची मजुरी कोण देणार?

गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर रेडिएशन आणि केमोथेरपी एकत्र सुरू करायचे ठरले की बाईच्या हाती वेळापत्रक पडते. आठवड्यातून पाच दिवस, सुमारे पाच आठवडे रेडिएशन. दर आठवड्याला एकदा सिस्प्लॅटिनचे सलाईन. शिवाय आतून द्यावयाचे रेडिएशन. हे सारे आठ आठवड्यांत संपले पाहिजे. मध्येच खंड पडला की उरलेल्या पेशी पुन्हा वाढू लागतात.

सिस्प्लॅटिनमुळे किरणांचा मारा अधिक परिणामकारक होतो. याचा पुरावा परदेशातून आणण्याचे कारण नाही. मुंबईच्या टाटा रुग्णालयाने २००३ ते २०११ या काळात तीन-बी टप्प्यातील ८५० स्त्रियांना अभ्यासात घेतले. पाच वर्षांनंतर नुसते रेडिएशन घेतलेल्यांपैकी ४६ टक्के, तर दोन्ही उपचार एकत्र घेतलेल्यांपैकी ५४ टक्के हयात होत्या. २०१८ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शंभरामागे आठ जीव! औषधही जुने आणि स्वस्त. मग अडते कोठे?

अडते ते मजुरीपाशी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार बसतात. म्हणजे यंत्राचे आणि औषधाचे पैसे शासन देते. परंतु परभणीची शेतमजूर बाई मुंबईत आली तर दोन महिने राहायचे कोठे? मागे राहिलेल्या लेकरांचे काय? सोबतच्या माणसाचीही मजुरी बुडते, तो हिशेब तर कोणत्याच फॉर्मवर नसतो. सिस्प्लॅटिनचा मूत्रपिंडावर ताण पडतो म्हणून भरपूर पाणी प्या, असे डॉक्टर सांगतात. फुटपाथवर झोपणाऱ्या बाईने ते पाणी आणायचे कोठून, आणि प्यायल्यावर जायचे कोठे?

कारखान्यातील विमाधारक कामगाराला राज्य कामगार विमा योजनेत कर्करोगासाठी मजुरीच्या ८० टक्के इतका विस्तारित आजारलाभ दोन वर्षांपर्यंत मिळू शकतो. म्हणजे आजारपणातील मजुरी भरून देण्याचे तत्त्व या देशाने केव्हाच मान्य केले आहे. शेतमजूर, ऊसतोड कामगार, धुणीभांडी करणारी बाई मात्र त्या कक्षेबाहेर. या बाया बहुतांशी कोणत्या वस्तीतून येतात, हे वाचकांस सांगायला नको.

संविधानाचे कलम ४१ आजारपणात सार्वजनिक साहाय्य देण्यास सांगते. ते मार्गदर्शक तत्त्व आहे, त्यावरून थेट न्यायालयात दाद मागता येत नाही, हे वकील म्हणून मला ठाऊक आहे. पण १९९६ साली पश्चिम बंगालमधील शेतमजुरांच्याच एका संघटनेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तातडीचा उपचार नाकारणे हा कलम २१ चा भंग ठरविला, आणि पैसा नाही ही सबब शासनास सांगता येणार नाही असे बजावले. तातडीचा अर्थ केवळ अपघात एवढाच घ्यायचा काय? ज्या उपचारात आठवडे मोजावे लागतात, तोही तातडीचाच नव्हे काय?

म्हणून योजनेच्या मंजुरीबरोबरच रेडिएशनच्या प्रत्येक दिवसासाठी किमान वेतनाइतकी रक्कम रुग्णाच्या खात्यात जमा झाली पाहिजे. हजेरी रुग्णालयाच्या रजिस्टरात असतेच. तोवर कार्यकर्त्यांनी एवढे करावे : उपचार सुरू होण्याच्या पहिल्याच दिवशी समाजसेवा अधीक्षकांना भेटून रेल्वे सवलतीचा दाखला घ्यावा आणि जवळच्या धर्मशाळेत नाव नोंदवावे.