हातांची शाळा : बिनपाण्यानं नको!



‘बिनपाण्यानं हजामत करणे’ हा वाक्प्रचार तुम्ही मराठीच्या पेपरात कधीतरी लिहिलाच असेल. अर्थ : चांगलीच खरडपट्टी काढणे, फजिती करणे. अर्थ लिहिला, गुण मिळाले, विषय संपला! पण पाण्याशिवाय हजामत केली तर नेमकं होतं काय, असा प्रश्न पडला का कधी? आणि पाणी लावल्यानं असा काय फरक पडतो? आज याच वाक्प्रचाराचं बोट धरून आपण वस्तऱ्याच्या शाळेत जाऊ या.

शाळेचा नियम मात्र आधीच सांगून ठेवतो. ज्यांना अजून मिसरूड फुटलेलं नाही, त्यांनी फक्त वाचायचं आणि शेवटी दिलेला फुग्याचा उद्योग करायचा. ज्यांना फुटलंय, त्या दादालोकांनीसुद्धा वस्तरा हातात घ्यायचा तो जाणतं माणूस शेजारी उभं असेल तेव्हाच. एकट्यानं, गुपचूप, आरशासमोर? मुळीच नाही!

आता वस्तऱ्याची ओळख करून घेऊ. जुन्या पद्धतीचा वस्तरा म्हणजे मुठीत मिटणारं एक लांबट पातं. त्याची एक बाजू जाड असते, ती पाठ. दुसरी बाजू बारीक होत गेलेली, ती धार. पुस्तकाचं एक पान साधारण मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढं जाड असतं. चांगल्या धारेची कड त्याच्याही शंभर पटींहून बारीक! मग पाठ एवढी जाड कशाला ठेवली? त्यात एक युक्ती आहे. सहाणेवर पातं आडवं ठेवलं, की पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकतात. त्यामुळे धारेचा कोन आपोआप तोच राहतो. म्हणजे वस्तऱ्याची पाठ ही धारेची गुरू आहे म्हणा ना!

पहिला धडा : पट्टा

तुम्हाला वाटेल, शिकणारा पहिल्या दिवशी दाढीला हात घालत असेल. छे! पहिला धडा असतो चामड्याच्या पट्ट्याचा. पट्ट्याचं एक टोक खुंटीला अडकवायचं, दुसरं हातानं ताणून धरायचं आणि त्यावर पातं सपाट ठेवून फिरवायचं. पाठ पुढे, धार मागे. टोकाशी पोचलं की पातं पाठीवर कूस बदलतं आणि पुन्हा पाठ पुढे घेऊन परत येतं. चुकून धार पुढे गेली, तर पट्टाही कापला जातो आणि धारही जाते. असं तीस-चाळीस वेळा करायचं, तेही सावकाश. दुकानातल्या काकांचा हात सटासट चालतो, कारण त्यामागे वर्षांचा सराव असतो. वेग मागावा लागत नाही, तो सरावाबरोबर येतो.

याला म्हणतात वस्तरा पाजळणे. ‘उगीच अक्कल पाजळू नकोस,’ असं आजी म्हणते ना? त्यातला पाजळणे हाच बरं का!

पण रोज पाजळायचं कशासाठी? केसासारखी मऊ वस्तू कापून पोलादाची धार बोथट कशी होते? हा प्रश्न शास्त्रज्ञांनाही पडला होता. अमेरिकेतल्या एम.आय.टी. या संस्थेतल्या संशोधकांनी सूक्ष्मदर्शकाखाली पात्यानं केस कापून पाहिले आणि २०२० साली त्याचं उत्तर प्रसिद्ध केलं. पोलाद केसापेक्षा जवळजवळ पन्नास पट कठीण. तरीही कापताना केस वाकला आणि धारेतल्या एखाद्या कच्च्या जागी बरोबर टेकला, तर तिथला बारीकसा कपचा उडतो! शिवाय एवढी बारीक कड वापरानं किंचित वळते. पट्टा ती कड पुन्हा सरळ करतो. कपचे फार उडाले, की मग पट्ट्यानं भागत नाही, सहाण लागते.

दुसरा धडा : पाणी

आता आपल्या वाक्प्रचाराकडे वळू. नखं कधी कापावीत? आंघोळीनंतर, हे तुमच्या आईनं सांगितलंच असेल. कारण पाण्यानं नखं मऊ पडतात. नख आणि केस ही सख्खी भावंडं. दोन्ही केराटिन नावाच्या प्रथिनाची बनलेली. कोरडा दाढीचा केस ताठ आणि चिवट असतो. त्याला दोन-तीन मिनिटं कोमट पाणी मिळालं, की तो पाणी शोषून फुगतो, मऊ होतो आणि कमी जोरात कापला जातो. साबणाचा फेस ते पाणी धरून ठेवतो, केसावरचा तेलकटपणा काढतो आणि पात्याला घसरायला वाट करून देतो.

पाणी नसेल तर? केस कापला जाण्याऐवजी ओढला जातो, कातडी सोलवटते, डोळ्यांत पाणी येतं. म्हणजे चेहऱ्यावर पाणी घातलं नाही, तर ते डोळ्यांतून येतं! ज्यानं हा वाक्प्रचार पहिल्यांदा वापरला, त्याला चांगलाच अनुभव असणार.

तिसरा धडा : कोन आणि दिशा

कंपासपेटीतला गुण्या काढा. त्यातला तीस अंशांचा कोपरा बघा. वस्तरा गालाला साधारण तेवढ्या कोनात धरतात. कोन फार वाढला तर धार कातडीत रुतते, फार कमी झाला तर केस ओढले जातात. चेहऱ्यावर गुण्या काही लावता येत नाही, म्हणून शिकणाऱ्याला एक खूण सांगतात : पाठ कातडीपासून तिच्या जाडीच्या दुप्पट उंच राहिली पाहिजे.

मग केसांची दिशा. दाढीवरून बोट फिरवलं, की एका बाजूनं मऊ लागतं, दुसरीकडून खरखरतं. मऊ लागतं ती केसांची दिशा. शिकणाऱ्यानं त्याच दिशेनं जायचं. दुसऱ्या हातानं कातडी ताणून धरायची, पातं छोट्या छोट्या अंतरात चालवायचं. आणि जोर? जोर द्यायचाच नाही. पात्याचं स्वतःचं वजन पुरे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. स्वयंपाकघरात टोमॅटो कापताना बघा. सुरी नुसती वरून टेकवली तर साल दबते, कापली जात नाही. तीच सुरी जराशी पुढे-मागे सरकवली, की साल चटकन कापली जाते. वस्तऱ्याचंही तसंच. तो धारेच्या लांबीच्या दिशेनं, म्हणजे आडवा, जरासुद्धा सरकता कामा नये. बहुतेक जखमा होतात त्या याच घसरण्यानं.

चौथा धडा : थांबणं

पहिल्या दिवशी फक्त गाल. गाल सपाट, मोकळा, सोपा. बाकीची दाढी नेहमीच्या साध्या रेझरनं करायची. गाल जमले की मान, आणि हनुवटी व ओठावरची जागा सगळ्यात शेवटी. काही आठवडे असेच जातात. हात थरथरला, कोणी हाक मारली, घाई झाली, की पातं मिटून ठेवायचं. दाढी काही पळून जात नाही! काम झाल्यावर गार पाणी, ओली तुरटी, आणि पातं पुसून कोरडं करायचं. ओलं राहिलं तर गंजतं.

हे सगळं वाचून तुम्ही म्हणाल, ‘गुरुजी, एवढा खटाटोप कशाला? बाबांचा रेझर दोन मिनिटांत काम करतो.’ खरं आहे. पण तो रेझर आला कसा, तेही ऐका. पॅरिसमध्ये झां-झाक पेरे नावाचे एक कारागीर होते, सुऱ्या-वस्तरे बनवणारे. स्वतःची दाढी स्वतः करायला कसं शिकावं, यावर त्यांनी १७६९ साली चक्क एक पुस्तक लिहिलं. सुताराच्या रंध्यावरून त्यांना कल्पना सुचली आणि त्यांनी पात्याला लाकडी आड लावली, म्हणजे धार खोल जाणार नाही. पुढे अमेरिकेत किंग कँप जिलेट यांनी बदलता येणाऱ्या पातळ पात्यांचा रेझर काढला. १९०३ साली, म्हणजे पहिल्या वर्षी, त्यांचे फक्त ५१ रेझर आणि १६८ पाती खपली! नंतरची गोष्ट तुम्हाला माहीतच आहे. या रेझरमध्ये कोन सांभाळायचं काम आड करते. वस्तऱ्यात ते काम हातानं करायचं असतं, आणि म्हणून तो हात घडवावा लागतो.

हे मी आज का सांगतो आहे? शाळेच्या मैदानावर खेळात भांडण झालं, की एखादा मुलगा दुसऱ्याला ‘ए हजाम!’ म्हणताना मी ऐकतो. शिवी म्हणून! ज्याच्या घरी हे काम चालतं, तो मुलगा मग मान खाली घालतो. त्याला का बरं मान खाली घालावी लागावी? अनोळखी माणसाच्या गळ्यावर उघडी धार फिरवायची आणि त्याला एक ओरखडाही येऊ द्यायचा नाही, हे ज्याला येतं त्याच्याएवढा स्थिर हात आपल्यापैकी किती जणांचा आहे? आणि समोरचा माणूस डोळे मिटून मान मागे टाकतो, कधीकधी घोरायलाही लागतो. एवढा विश्वास आपण दुसऱ्या कोणावर टाकतो?

या हातांनी इतिहासही घडवला आहे. पूर्वी काही घरांत नवरा वारला, की बाईचं डोकं जबरदस्तीनं भादरायची दुष्ट चाल होती. कामगार चळवळीचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं १८९० साली मुंबईत नाभिकांची सभा भरली. आम्ही विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवणार नाही, असं त्या सभेत ठरलं. या कामावर त्यांचं पोट होतं, तरी ते ‘नाही’ म्हणाले. वस्तरा कसा चालवावा हे तर त्यांना येत होतंच. तो कुठे चालवू नये, हेही त्यांना कळत होतं. हा आपल्या शाळेतला पाचवा धडा समजा.

या आठवड्याचा उद्योग

एक फुगा फुगवा. घरातल्या कोणाला तरी तो हलक्या हातानं धरायला सांगा. त्याला साबणाचा दाट फेस लावा. आता प्लॅस्टिकची फूटपट्टी घ्या (ब्लेड किंवा सुरी अजिबात नाही!) आणि तीस अंशांच्या कोनात धरून फेस काढा. फुगा दबता कामा नये. पट्टी फार उभी धरली तर काय होतं? फार आडवी धरली तर? जोर दिला तर? तीन ओळींत लिहून ठेवा. केस कापायला शिकवणाऱ्या वर्गांतही फेस लावलेल्या फुग्यावरच सराव करतात. तिथे पट्टीऐवजी खरा वस्तरा असतो. जोर दिला की फट्!

आई-बाबांसाठी दोन शब्द

मुलाला मिसरूड फुटू लागलं की तो लाजतो, विचारत नाही आणि गुपचूप घरातला रेझर वापरतो. रक्तातून पसरणारे कावीळ ‘बी’, कावीळ ‘सी’ आणि एच.आय.व्ही. हे आजार एकमेकांच्या रेझरमधून, वस्तऱ्यातून लागू शकतात. म्हणून त्याला त्याचा वेगळा रेझर द्या आणि पहिल्या दिवशी शेजारी उभे राहा. दुकानात हल्ली बहुधा अर्ध्या ब्लेडचा वस्तरा असतो. ‘काका, नवीन ब्लेड लावता ना?’ असं नम्रपणे विचारायला मुलाला शिकवा. आणि काम झालं की त्यांना ‘धन्यवाद’ म्हणायलाही.

तुमचे,
गुरुजी