टू-इन-वन घ्यायचं की साधा लॅपटॉप? वर्गणीच्या पैशांबद्दल थोडं स्पष्ट

मित्रांनो, पोस्ट मोठी आहे, पण गावच्या शाळेचा विषय आहे म्हणून पूर्ण वाचा.

माजी विद्यार्थ्यांनी शाळेसाठी वर्गणी काढली, त्याबद्दल सगळ्यांचं कौतुक. आता ग्रुपवर वाद चाललाय की साधे लॅपटॉप घ्यायचे की ‘टू-इन-वन’, म्हणजे लॅपटॉपही तोच आणि टॅबलेटही तोच. बहुतेकांचा कल टू-इन-वनकडे आहे. माझं मत वेगळं आहे.

आधी चांगलं ते सांगतो. गणिताचे सर स्क्रीनवर पेनने भूमितीची आकृती काढून प्रोजेक्टरवर दाखवू शकतात. माउसने ते जमत नाही. लहान पोरं बोटाने लगेच शिकतात. ही सोय खरी आहे, नाकारत नाही.

आता दुसरी बाजू. यात दोन प्रकार येतात. एकात स्क्रीन पूर्ण मागे दुमडते. पण वजन साधारण सव्वा-दीड किलो, टॅबलेट म्हणून हातात धरला की पाच मिनिटांत मनगट भरून येतं. दुसऱ्यात कीबोर्ड सुटा होतो. हा हलका, पण मागच्या टेकूवर उभा राहतो. टेबलावर ठीक, मांडीवर डगमगतो. आणि आपली पोरं बसतात सतरंजीवर! शिवाय अशा बऱ्याच मॉडेल्समध्ये कीबोर्ड आणि पेन वेगळे विकत घ्यावे लागतात. जाहिरातीतला आकडा नुसत्या स्क्रीनचा असतो.

सगळ्यात मोठा प्रश्न दुरुस्तीचा. साध्या लॅपटॉपचं मागचं झाकण स्क्रू काढून उघडतं, बॅटरी तालुक्याच्या दुकानात बदलून मिळते. सुट्या कीबोर्डच्या बऱ्याच मॉडेल्समध्ये बॅटरी आत चिकटवलेली असते, उघडताना काच फुटायची भीती. रॅमही बहुतेक वेळा बोर्डावरच पक्की, नंतर वाढवता येत नाही. म्हणजे बिघडलं की थेट शहर गाठा. तोपर्यंत लॅपटॉपही बंद आणि टॅबलेटही बंद. दोन्ही एकात घेतलं की दोन्ही एकदमच जातात, हे कोणी बोलत नाही.

म्हणून माझी सूचना: शिकवण्यासाठी शिक्षकांना एकच टू-इन-वन, स्क्रीन दुमडणारं, पेनासकट. मुलांसाठी साधे लॅपटॉप, त्याच पैशात संख्याही जास्त येईल. आणि दुकानदाराकडून तीन गोष्टी लेखी घ्या: सगळं धरून एकूण किंमत, वॉरंटी किती वर्षं, आणि जवळचं सर्व्हिस सेंटर कुठे. जमलं तर घेण्याआधी एक नग दिवसभर वर्गात पोरांच्या हातात द्या. ती बरोबर निकाल देतील.

फोटोत टू-इन-वन भारी दिसेल, मान्य. पण ही वर्गणी कुणी ओव्हरटाइम करून, कुणी दुधाच्या पगारातून दिली आहे. ती पुन्हा पुन्हा निघत नाही. कपाटात बंद पडलेल्या वस्तू शाळेत आधीच पुष्कळ आहेत, त्यात भर नको.

पटत नसेल तर कमेंटमध्ये बिनधास्त सांगा. ज्यांनी टू-इन-वन दोन-तीन वर्षं वापरलंय, त्यांचा अनुभव आधी ऐकायचाय.