पोटाचे ऑपरेशन आणि आपली जीभ



कुणाची हृदयाची बायपास झाली की आपण मिस्सामध्ये त्यांच्यासाठी प्रार्थना करतो. वजनासाठी पोटाची बायपास झाली, तर मात्र मिस्सा संपल्यावर आवारात कुजबुज होते : "तोंडाला आवर घालता आला नाही, म्हणून पोट कापून घेतलं." या एका वाक्यात वैद्यकशास्त्रही चुकते आणि धर्मशिक्षणही.

या ऑपरेशनात जठराच्या वरच्या भागाची साधारण 30 मिलिलीटरची, म्हणजे दोन मोठे चमचे मावतील एवढी पिशवी करतात. लहान आतडे कापून त्याचा खालचा भाग या पिशवीला जोडतात. त्यामुळे अन्न उरलेल्या जठराला वळसा घालून पुढे जाते. थोडक्यात पोट भरतेच. शिवाय भूक आणि तृप्तीचा निरोप मेंदूला देणारी संप्रेरकेही बदलतात. अनेक मधुमेही रुग्णांची साखर वजन फारसे उतरण्याआधीच सुधारू लागते. नुसते कमी खाऊन वजन उतरवले, तर शरीर भूक वाढवते आणि ऊर्जा राखून ठेवू लागते. म्हणून हा केवळ मनोनिग्रहाचा प्रश्न नाही.

"मग खादाडपणा पाप नाही का?" आहे. सात प्रमुख पापांमध्ये आम्ही तो मुलांना शिकवतो. पण सहाव्या शतकात ही यादी रूढ करणारे पोप संत ग्रेगरी यांनी त्याची पाच रूपे सांगितली : अवेळी खाणे, उंची पदार्थांचा हव्यास, चोचले, अतिरेक आणि अधाशीपणा. यात वजन कुठेच नाही. एसावाने साध्या मसुराच्या डाळीसाठी ज्येष्ठत्वाचा हक्क विकला. दोष डाळीचा नव्हता, हावेचा होता. सडपातळ माणूसही खादाड असू शकतो. खुद्द ग्रेगरींना पोटाचे जुने दुखणे होते आणि एकदा पवित्र शनिवारचा उपवासही त्यांना झेपेना.

हे ऑपरेशन म्हणजे पळवाटही नाही. रक्तस्राव, टाक्यांतून गळती असे धोके त्यात आहेत. ते कुणी करावे हे डॉक्टरांनी तपासूनच ठरवायचे. नंतर लोह, बी-12, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आयुष्यभर घ्यावे लागते. घास सावकाश चावायचा, जेवताना पाणी टाळायचे. गोड जास्त झाले तर घाम, धडधड, जुलाब होऊ शकतात. दारू लवकर चढते आणि व्यसनाचा धोका वाढतो. एवढे पथ्य रोज पाळणाऱ्याला आपण संयम कसा शिकवणार?

आपल्या हाती मात्र काही आहे. नाताळात "एवढंच? आणखी एक नेवरी घे" हा आग्रह सोडू या. लग्नात वाइनचा पेला पुढे करू नये. राखेच्या बुधवारी आणि उत्तम शुक्रवारी आजाऱ्यांना उपवासातून सूट असते. कुणाकडे खुलासा मागू नये.

जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी पाप कुणाचे, असे विचारले. प्रभूने त्या चौकशीला थारा दिला नाही आणि त्या माणसाला दृष्टी दिली. आजारी शरीरासमोर आपणही हिशेब मागायचा नसतो, सोबत द्यायची असते.